वाचकांचे प्रश्न : लॅपटॉपवर चालणारं लॉगिन क्लाउडवर का अडतं?

गेल्या अंकात सिंगल साइन-ऑनची तोंडओळख करून दिली होती. ओळख एकाच ठिकाणी पटवायची आणि तिच्या भरवशावर ऑफिसची मेल, रजेचा अर्ज, पगारपत्रक अशी सगळी ॲप उघडायची. ओळख पटवून देणाऱ्या सर्व्हरला या कामातले लोक आयडीपी म्हणतात, मीही तेच म्हणणार आहे. त्या लेखावर आलेली बहुतेक पत्रं एकाच प्रश्नाशी येऊन थांबली आहेत: उद्या क्लाउडवर जाणारं ॲप आज स्वतःच्या मशीनवर कसं उभं करायचं, आणि तिथे ते पास झालं की खरोखर पास झालं असं कधी मानायचं?

लॉगिन तपासणं हेच माझं रोजचं काम आहे आणि याबाबत माझं मत ठाम आहे. क्लाउडवर ॲप आणि आयडीपी वेगवेगळ्या नावांनी, वेगवेगळ्या मशीनवर असतात. लॅपटॉपवर मात्र आपण दोघांनाही 'लोकलहोस्ट' (म्हणजे 'हेच मशीन') या एकाच नावाखाली बसवतो. लोकल चाचणी खोटा दिलासा देते तो बहुतेक वेळा इथूनच.

प्रश्न : ताई, मी नांदेडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट म्हणून कॉलेजच्या हजेरीचं वेब-ॲप करतेय, त्याला सिंगल साइन-ऑन हवंय. मला सांगितलं गेलं की आयडीपी क्लाउडवरचाच घ्यावा लागेल आणि तो माझ्या लोकलहोस्टपर्यंत पोचू शकत नाही, म्हणून वर टनेलही, म्हणजे बाहेरून माझ्या लॅपटॉपपर्यंत येणारी वाट, लागेल. विकतची कुठलीच सेवा परवडणार नाही. काय करू?
— एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : टनेल लागणार नाही आणि पैसेही लागणार नाहीत. आधी टनेलचं बघू, कारण हा गैरसमज फार पसरलेला आहे. लॉगिन झाल्यावर आयडीपी तुझ्या ॲपला स्वतः फोन लावत नाही. तो ब्राउझरच्या हातात एक कोड देतो आणि 'या पत्त्यावर जा' म्हणतो. ब्राउझर हा नुसता निरोप्या. तो तुझ्याच लॅपटॉपवर चालतोय, त्यामुळे त्याच्यासाठी लोकलहोस्ट म्हणजे तुझाच लॅपटॉप. नंतर तो कोड देऊन टोकन, म्हणजे 'हा माणूस अमुक' असं सांगणारी आयडीपीच्या सहीची चिठ्ठी, घेण्यासाठी तुझा बॅकएंड (ॲपचा सर्व्हरवरचा भाग) आयडीपीकडे जातो, म्हणजे तेही कनेक्शन आतून बाहेर जाणारं. बाहेरून आत कोणीच येत नाही. म्हणूनच गूगल आणि मायक्रोसॉफ्ट दोघेही रीडायरेक्टच्या, म्हणजे ब्राउझरला परत पाठवायच्या, पत्त्यात लोकलहोस्ट स्वीकारतात, आणि एरवी एचटीटीपीएसचा आग्रह धरतात तो तेवढ्यापुरता सोडतात.

आता आयडीपी. मी कीक्लोक वापरते आणि तुलाही तेच सुचवते. ते मुक्त सॉफ्टवेअर आहे, रेड हॅटमध्ये वाढलं, पहिली आवृत्ती २०१४ची, आणि २०२३पासून ते क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशनच्या छत्राखाली आहे. डॉकर (प्रोग्राम बंद डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन) असेल तर कीक्लोकची इमेज घेऊन 'स्टार्ट-डेव्ह' या आज्ञेने सुरू कर, पोर्ट ८०८०. जुने लेख वाचून करणाऱ्यांची दोन ठिकाणी अडचण होते. १७व्या आवृत्तीपासून पत्त्यातला 'ऑथ' हा तुकडा गेला आहे. आणि पहिल्या ॲडमिनचं नाव-पासवर्ड देणाऱ्या व्हेरिएबलांची नावं २६व्या आवृत्तीत बदलली, ती आता 'केसी बूटस्ट्रॅप ॲडमिन' अशी सुरू होतात.

आत गेल्यावर 'मास्टर' रेल्मला (रेल्म म्हणजे वापरकर्ते आणि ॲप यांचा स्वतंत्र कप्पा) हात लावू नकोस, तो कीक्लोकच्या स्वतःच्या कारभारासाठी आहे. स्वतःचा नवा रेल्म कर, त्यात ॲपसाठी एक क्लायंट, म्हणजे ॲपची आयडीपीकडची नोंद, कर आणि दोन-चार खोटे वापरकर्ते. क्लायंटमध्ये ऑथरायझेशन कोड फ्लो (वर सांगितलेली, कोड देऊन टोकन घ्यायची पद्धत) ठेव आणि जोडीला पीकेसीई, ज्याचा उच्चार सगळे 'पिक्सी' असा करतात. कोड वाटेत कुणी पळवला तरी त्याला तो वापरता येऊ नये म्हणून २०१५मध्ये आलेली ही सोय आहे. ॲपला आयडीपीचे सगळे पत्ते हाताने भरवत बसू नकोस. प्रत्येक रेल्मचा एक 'ओपनआयडी-कॉन्फिगरेशन' दस्तऐवज असतो, त्याचा पत्ता लायब्ररीला दिला की बाकीचे पत्ते आणि सह्या तपासायच्या चाव्या ती तिथून उचलते.

रीडायरेक्ट यूआरआयच्या रकान्यात मात्र पूर्ण पत्ता लिही, पोर्टसकट, पुढच्या वाटेसकट. कीक्लोक तिथे नुसती चांदणी (*), म्हणजे 'कुठलाही पत्ता चालेल', टाकू देतं आणि घाईत सगळे टाकतात. मग तीच सेटिंग क्लाउडवर जाते आणि लॉगिनचा कोड कुठल्याही साइटकडे पाठवता येतो. ओऑथच्या, म्हणजे या लॉगिनमागच्या मानकाच्या, सुरक्षिततेचा जो दस्तऐवज जानेवारी २०२५मध्ये आला, आरएफसी ९७००, तो म्हणतो की पत्ता अक्षरशः जुळला पाहिजे. त्यात सूट आहे ती मशीनवर बसवलेल्या नेटिव्ह ॲपच्या लोकलहोस्ट-पोर्टापुरती. सवय पहिल्याच प्रोजेक्टपासून लाव.

आणखी एक. कंटेनर काढून टाकला की त्यातला रेल्मही जातो. म्हणून रेल्म जेसन फाइलमध्ये ठेव आणि सुरू करताना 'इंपोर्ट-रेल्म' दे. परीक्षकांसमोर कुठल्याही मशीनवर तेच वापरकर्ते, त्याच सेटिंगसह उभे राहतील. फक्त कमांडने काढलेल्या पूर्ण एक्सपोर्टमध्ये क्लायंटची गुपितं आणि सही करायच्या खासगी चाव्याही असतात. लोकलसाठी वेगळा रेल्म ठेवायचा तो यासाठीच. खऱ्या रेल्मची फाइल गिटमध्ये कधीही जाऊ देऊ नकोस.

प्रश्न : आमचं ॲप सॅमलवर (सिंगल साइन-ऑनचं एक मानक) चालतं. लोकलवर, मशीनवरच्या कीक्लोकशी, लॉगिन प्रत्येक वेळी होतं. स्टेजिंगला, म्हणजे प्रत्यक्ष वापराआधीच्या तालमीच्या सर्व्हरवर, ग्राहकाचा क्लाउडवरचा आयडीपी आहे, आणि तिथे काही लोकांना लॉगिन करून पुन्हा लॉगिनच्याच पानावर यावं लागतं. माझ्याकडे होत नाही, शेजारच्याकडे होतं, आणि ग्राहकाच्या अकाउंट्स विभागात तर जवळजवळ सगळ्यांकडे होतं. लॉगमध्ये एवढंच दिसतं की परत आलेल्या उत्तराशी जुळणारी विनंती सापडली नाही. सर्व्हर दोन आहेत म्हणून त्यांच्यात काम वाटणाऱ्या लोड बॅलन्सरवर संशय घेतला, एकच सर्व्हर ठेवून पाहिला, फरक नाही.
— एक डेव्हलपर, ठाणे

उत्तर : तुमच्या पत्रातला 'अकाउंट्स विभाग' हाच दुवा आहे. त्या लोकांना ओटीपी येतो का, आणि तो यायला वेळ लागतो का, ते विचारा. मला वाटतं उत्तर 'हो' असेल.

तुमचं ॲप वापरकर्त्याला आयडीपीकडे पाठवण्याआधी एक कुकी ठेवतं आणि त्या कुकीवरून 'ही विनंती मीच पाठवली होती' हे नंतर ओळखतं. सॅमलचं उत्तर परत येतं ते बहुधा पोस्टने: आयडीपी एक फॉर्म ब्राउझरला देतो आणि तो फॉर्म आपोआप तुमच्या ॲपकडे सबमिट होतो. ब्राउझरच्या नजरेतून ही दुसऱ्या साइटवरून आलेली पोस्ट आहे. २०२०मध्ये क्रोमने ८०व्या आवृत्तीपासून नियम बदलला: ज्या कुकीवर सेमसाइट (परक्या साइटवरून येताना कुकी पाठवायची का, हे सांगणारी खूण) लिहिलेलं नाही ती 'लॅक्स' समजायची. लॅक्स कुकी परक्या साइटवरून आलेल्या पोस्टबरोबर जात नाही. मग सगळ्यांचंच लॉगिन बंद पडायला हवं होतं, तसं का झालं नाही? कारण असंच लॉगिन मोडू नये म्हणून क्रोमने एक सवलत ठेवली. सेमसाइट न लिहिलेली कुकी दोन मिनिटांपेक्षा ताजी असेल तर ती अशा पोस्टबरोबर जाऊ दिली जाते. तुम्ही पासवर्ड पटकन टाकता, दोन मिनिटांच्या आत परत येता. ओटीपीची वाट बघणारा माणूस दोन मिनिटं ओलांडतो, त्याची कुकी मागे राहते, आणि ॲपला तो अनोळखी वाटतो. दुसऱ्या फेरीत आयडीपीकडे त्याचं सेशन आधीच असतं, तो क्षणात परत येतो आणि आत जातो. म्हणून 'पुन्हा केलं की होतं' असं लोक सांगतात आणि तक्रार कुणी मनावर घेत नाही.

आता तुमच्या लोकलवर हे कधीच का दिसलं नाही? 'साइट' ठरवताना ब्राउझर पोर्ट बघत नाही. लोकलहोस्ट ३००० आणि लोकलहोस्ट ८०८० ही त्याच्या लेखी एकच साइट. त्यामुळे तुमची पोस्ट परकी ठरलीच नाही, कुकी दर वेळी गेली. तुम्ही लोकलवर चहा पिऊन आलात तरी लॉगिन होईल. ही चाचणी कितीही वेळा चालवली तरी हा दोष दाखवू शकत नाही. आणखी एक परिणाम: कुकीही पोर्टागणिक वेगळ्या होत नाहीत. एकाच लोकलहोस्टवरच्या दोन ॲपनी 'सेशन' याच नावाची कुकी ठेवली की ती एकमेकांची पुसतात, आणि तो दोष उलट क्लाउडवर नसतोच.

हे घरी घडवून आणायचं तर दोन वेगळी नावं हवीत. होस्ट्स फाइलमध्ये (कुठलं नाव कुठल्या पत्त्याचं, हे मशीनला सांगणारी फाइल) १२७.०.०.१ या स्वतःच्याच मशीनच्या पत्त्यासमोर 'ॲप डॉट टेस्ट' आणि 'आयडीपी डॉट टेस्ट' अशी नावं लिहा, अर्थात रोमन अक्षरांत. 'ॲप डॉट कंपनी डॉट टेस्ट' आणि 'आयडीपी डॉट कंपनी डॉट टेस्ट' अशी लिहू नका, ती पुन्हा एकच साइट होते. शेवटी 'टेस्ट'च का, तर ते १९९९पासून चाचणीसाठी राखून ठेवलेलं आहे, खऱ्या इंटरनेटवर कुणालाही मिळणार नाही. 'लोकल' हे शेपूट घरच्या नेटवर्कवरची उपकरणं शोधायला वापरलं जातं, त्यात मधेच नाव न सापडण्याचे प्रकार होतात. 'डेव्ह' हे गूगलकडचं खरं डोमेन आहे.

नावं बदलली की दुसरी गोष्ट लागते: एचटीटीपीएस. लोकलहोस्टला ब्राउझर साध्या एचटीटीपीवरही सुरक्षित मानतो, पण 'ॲप डॉट टेस्ट'ला मानत नाही. पीकेसीईसाठी लागणारं ब्राउझरमधलं गणित तिथे उपलब्धच नसतं, आणि 'सिक्युअर', म्हणजे फक्त एचटीटीपीएसवर चालणारी, कुकी ठेवली जात नाही. एमकेसर्ट हे छोटं साधन यासाठी उत्तम आहे. ते तुमच्या मशीनपुरती एक सर्टिफिकेट ऑथॉरिटी तयार करतं, ब्राउझरला ती ओळखायला लावतं, आणि दोन्ही नावांची सर्टिफिकेटं काढून देतं. त्या ऑथॉरिटीची चावी लॅपटॉपबाहेर जाऊ देऊ नका, ती ज्याच्या हाती पडेल तो तुमच्या ब्राउझरला कुठलीही साइट खरी भासवू शकतो.

इथे एक धोक्याचं वळण आहे. तुमचा बॅकएंड नोडमध्ये किंवा जावामध्ये असेल तर तो ही नवी ऑथॉरिटी आपोआप ओळखत नाही, 'सर्टिफिकेटवर विश्वास नाही' म्हणून थांबतो. नोडला जादा सर्टिफिकेटची फाइल एका व्हेरिएबलने दाखवता येते, जावाला तिच्या ट्रस्टस्टोअरमध्ये घालता येते. दहा मिनिटांचं काम आहे. कृपा करून सर्टिफिकेटची तपासणीच बंद करणारी ती एक ओळ लिहू नका. ती ओळ क्लाउडपर्यंत प्रवास करते, आणि मग बॅकएंड ज्याच्याशी बोलतोय तो खरा आयडीपी आहे का हे कुणीच बघत नाही.

एवढं झाल्यावर आयडीपीच्या पानावर तीन मिनिटं थांबा आणि मग पासवर्ड टाका. स्टेजिंगचा दोष तुमच्या टेबलावर येईल. उपाय छोटा आहे: फक्त त्या विनंतीच्या कुकीवर 'सेमसाइट नन' (परक्या साइटवरूनही पाठव) आणि 'सिक्युअर' लिहा, तिचं आयुष्य दहा-पंधरा मिनिटांचं ठेवा. लॉगिननंतरची मुख्य सेशन कुकी लॅक्सच राहू द्या, तिला नन करण्याचं काही कारण नाही. तुमच्या दुसऱ्या टीमचं ॲप ओपनआयडी कनेक्टवर (ओऑथवर उभं असलेलं लॉगिनचं मानक) असेल तर त्यांना हा त्रास बहुधा होत नसणार, कारण तिथला कोड साध्या गेट रीडायरेक्टने, म्हणजे पत्त्यातूनच, परत येतो आणि लॅक्स कुकी त्याच्याबरोबर जाते. पण त्यांनी 'फॉर्म पोस्ट' पद्धत निवडली असेल तर त्यांचीही गत हीच.

प्रश्न : ॲप, एपीआय (ॲपला माहिती पुरवणारा सर्व्हर) आणि कीक्लोक तिन्ही डॉकर कंपोजमध्ये (अनेक कंटेनर एकत्र चालवायची सोय) आहेत. ब्राउझरमधून लॉगिन होतं, पण एपीआय टोकन नाकारते, 'इश्युअर जुळत नाही'. एपीआयला लोकलहोस्टचा पत्ता दिला तर कनेक्शनच होत नाही. शेवटी इश्युअरची तपासणी बंद केली आणि काम चालू ठेवलं. चालेल ना?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नाही चालणार, आजच परत सुरू करा. इश्युअर म्हणजे टोकन कुणी दिलं त्याचं नाव. ते न बघणारी एपीआय लॉगिनचा अर्थच घालवून बसते.

कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः, म्हणून कनेक्शन होत नाही. मग तुम्ही कंपोजमधलं सर्व्हिसचं नाव दिलंत, आणि तिथे पुढची गंमत सुरू होते. नाव ठरवून दिलं नसेल तर डेव्ह मोडमधलं कीक्लोक ज्या नावाने हाक मारली त्याच नावाने स्वतःची ओळख सांगतं. ब्राउझरने लोकलहोस्ट म्हणून हाक मारली, टोकनवर ते नाव छापलं गेलं. एपीआयने 'कीक्लोक' म्हणून हाक मारली, तिला ते नाव सांगितलं गेलं. दोघं आपापल्या जागी बरोबर.

सगळ्यांसाठी एकच नाव ठेवा. लॅपटॉपच्या होस्ट्स फाइलमध्ये 'आयडीपी डॉट टेस्ट' आहेच. कंपोज फाइलमध्ये कीक्लोकच्या सर्व्हिसला नेटवर्कमधलं टोपणनाव म्हणून तेच द्या. पोर्टही आत-बाहेर एकच ठेवा, ८४४३ला ८४४३. मग तोच पत्ता ब्राउझरमधूनही लागतो आणि कंटेनरमधूनही. कीक्लोकच्या होस्टनेम सेटिंगमध्ये तो पूर्ण पत्ता लिहून टाका, म्हणजे ते हाकेवर अवलंबून राहणार नाही. एपीआयने आतल्याच नावाने जावं असा काही कारणाने आग्रह असेल तर 'बॅकचॅनल डायनॅमिक' ही सेटिंग आहे. तीत आतले पत्ते बदलतात, इश्युअर बदलत नाही.

प्रश्न : गूगलचं लॉगिन आणि कॅलेंडर जोडलंय. दर आठवड्याला रिफ्रेश टोकन (पुन्हा लॉगिन न करता नवं टोकन मिळवून देणारं) मरतं, सगळं पुन्हा जोडावं लागतं. कोडमध्ये चूक सापडत नाही.
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : कोडमध्ये नसेलच. तुमचा प्रकल्प गूगलच्या कन्सोलमध्ये 'टेस्टिंग' अवस्थेत असणार. त्या अवस्थेत बाहेरच्या वापरकर्त्यांची रिफ्रेश टोकनं ७ दिवसांत संपतात आणि चाचणीच्या यादीत १०० जणच घालता येतात. फक्त नाव, ईमेल, प्रोफाइल एवढंच मागणाऱ्या ॲपला ही ७ दिवसांची अट नाही, म्हणून कॅलेंडर जोडेपर्यंत तुम्हाला ती जाणवली नसावी. प्रकल्प प्रकाशित केला की अट जाते, पण कॅलेंडरसारख्या संवेदनशील परवानग्यांसाठी गूगलची पडताळणी लागते. तिला वेळ धरा.

प्रश्न : मी हिंजवडीत टेस्टर आहे. लॉगिन-लॉगआउटच्या केसेस माझ्याकडे आल्यात. 'बरोबर पासवर्ड, चुकीचा पासवर्ड, लॉक झालेलं खातं' यापुढे काय तपासायचं कळत नाही. शिवाय लॉगआउट केल्यावर पुन्हा लॉगिन दाबलं की पासवर्ड न विचारता आत घेतं. हा दोष म्हणून नोंदवला तर डेव्हलपर 'तसंच असतं' म्हणतात.
— एक वाचिका, पुणे

उत्तर : पासवर्ड तपासणं हे आयडीपीचं काम आहे, तुमच्या ॲपचं नाही. तुमच्या ॲपचं काम सुरू होतं ते टोकन हातात आल्यावर. म्हणून मी केसेसची सुरुवात माणसांपासून करते: लोकल रेल्ममध्ये असे वापरकर्ते तयार करते जे टोकनमधून काहीतरी अवघड घेऊन येतील.

पहिला वापरकर्ता देवनागरी नावाचा. वापरकर्तानाव रोमन ठेवा, कीक्लोकची मूळ सेटिंग तिथे देवनागरी घेत नाही, पण नाव आणि आडनाव देवनागरीत लिहा. टोकनमध्ये ते यूटीएफ-८मध्ये व्यवस्थित येतं. मोडतं ते ॲपमध्ये. फ्रंटएंडमध्ये टोकन उघडायला ब्राउझरचं 'एटूबी' हे फंक्शन वापरून तिथेच थांबलं असेल तर 'ज्ञानेश्वर'च्या जागी चित्रविचित्र रोमन चिन्हांची माळ दिसते, कारण ते फंक्शन बाइट देतं, अक्षरं नाही. त्यापुढे टेक्स्ट-डिकोडर लागतो. मधल्या प्रॉक्सीने नाव एचटीटीपी हेडरमधून पुढे पाठवलं तर तिथेही हेच होतं. आपल्याकडे बनलेली, आपल्याच लोकांनी वापरायची ॲप आपलं नाव नीट छापू शकत नाहीत, हे मला मनापासून खटकतं. आणि ते एका वापरकर्त्याने पकडता येतं.

दुसरा, आडनाव नसलेला. अशी माणसं देशात भरपूर आहेत. कीक्लोकच्या नव्या आवृत्त्या आडनाव आवश्यक धरतात आणि पहिल्या लॉगिनला प्रोफाइल पूर्ण करायला लावतात. यूजर प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये ती अट काढा आणि मग तुमचं ॲप काय करतं ते बघा. तिसरा, ज्याचा ईमेल बदलतो. लॉगिन करा, काहीतरी साठवा, आयडीपीमध्ये ईमेल बदला, पुन्हा लॉगिन करा. साठवलेलं दिसलं पाहिजे. मग बदललेला जुना ईमेल चौथ्या, नव्या वापरकर्त्याला द्या. त्याला आधीच्याचं काहीही दिसता कामा नये. हे नुसतं नीटनेटकेपणाचं नाही. २०२३मध्ये मायक्रोसॉफ्टच्या आयडीपीच्या बाबतीत असं उघड झालं की ईमेलचा क्लेम (टोकनमधली नोंद) बदलता येतो, आणि ईमेलवरूनच माणूस ओळखणाऱ्या ॲपमध्ये दुसऱ्याच्या खात्यात शिरता येतं. माणूस ओळखायचा तो इश्युअर आणि 'सब' (आयडीपीने त्या माणसाला दिलेलं न बदलणारं ओळखचिन्ह) या जोडीवरून.

पाचवा, पुष्कळ ग्रुपांमध्ये असलेला. मोठ्या कंपनीत जुना माणूस शेकडो ग्रुपांत असतो. टोकन फुगतं, ते कुकीत ठेवलं असेल तर कुकीची साधारण ४ केबीची मर्यादा ओलांडते आणि ब्राउझर ती निमूटपणे टाकून देतो. मायक्रोसॉफ्टचा आयडीपी एंट्रा तर जेडब्ल्यूटीमध्ये (ओपनआयडी कनेक्टच्या टोकनचा प्रकार) २००पेक्षा जास्त आणि सॅमलमध्ये १५०पेक्षा जास्त ग्रुप झाले की यादी देणंच थांबवतं आणि 'इथून मागवा' असा दुवा देतं. जे ॲप यादी नाही म्हणजे ग्रुप नाही असं समजतं, ते सर्वात अनुभवी माणसाचेच अधिकार काढून घेतं.

यानंतर खोटी टोकनं. त्याच रेल्ममध्ये दुसरा क्लायंट करा, त्याच्यासाठीचं टोकन मिळवा आणि तुमच्या एपीआयला द्या. सही खरी, इश्युअर खरा, माणूस खरा, तरी ४०१, म्हणजे नकार, यायलाच हवं, कारण टोकन तुमच्यासाठी नाही. इथे निम्मी ॲप नापास होतात असं म्हणणार नाही, पण मला ही केस सगळ्यांत आधी चालवावीशी वाटते, कारण कीक्लोक मुळात ऑडियन्समध्ये (टोकन कुणासाठी आहे ते सांगणारा रकाना) तुमच्या क्लायंटचं नाव घालत नाही. त्यासाठी मॅपर (टोकनमध्ये नोंद घालणारी सेटिंग) जोडावा लागतो, आणि तो जोडण्यापेक्षा तपासणी बंद करणं सोपं वाटतं. मुदत संपलेलं टोकन, सहीत एक अक्षर बदललेलं टोकन, 'स्टेट' (विनंतीबरोबर पाठवलेली खूण) बदलून परत आणलेला पत्ता, हे तर कराच. अशी टोकनं हवी तशी बनवायला कीक्लोक जड पडतं. नॉर्वेच्या श्रम आणि कल्याण खात्याने, एनएव्हीने, मुक्त केलेला मॉक, म्हणजे नकली, ओऑथ-२ सर्व्हर त्याला हलका पर्याय आहे. स्वयंचलित चाचण्यांत मी तो वापरते, आणि संध्याकाळच्या पूर्ण फेरीत खरं कीक्लोक.

आता लॉगआउट. डेव्हलपरचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. तुमच्या ॲपने स्वतःची कुकी पुसली, आयडीपीचं सेशन जिवंत आहे, म्हणून पुन्हा पासवर्ड लागत नाही. पण ॲप बँकेच्या शाखेतल्या सामायिक संगणकावर वापरलं जाणार असेल तर 'तसंच असतं' हे उत्तर पुरेसं नाही. अपेक्षा काय आहे ते कागदावर लिहून घ्या. आयडीपीवरही बाहेर पडायचं असेल तर ॲपने ब्राउझरला आयडीपीच्या लॉगआउट पत्त्यावर आयडी टोकनसह (कोण लॉगिन झालं ते सांगणारं टोकन) पाठवायला हवं. दोन ॲप उघडी ठेवा, एकातून बाहेर पडा आणि दुसऱ्यात काय होतं ते नोंदवा. दुसरंही बंद व्हायचं असेल तर बहुधा बॅकचॅनल लॉगआउट लागतं, आणि इथे आयडीपी खरोखर तुमच्या ॲपला थेट फोन लावतो. नांदेडच्या विद्यार्थिनीला टनेल नको म्हटलं ते लॉगिनसाठी. या एका गोष्टीला, आयडीपी क्लाउडवर असेल तर, ॲपपर्यंत बाहेरून वाट लागते. टनेल उघडण्याआधी कंपनीची परवानगी घ्या. आयडीपी डॉकरमध्ये आणि ॲप थेट लॅपटॉपवर असेल तर ॲपचा पत्ता 'होस्ट डॉट डॉकर डॉट इंटर्नल' असा द्या, लिनक्सवर त्यासाठी कंपोजमध्ये 'होस्ट-गेटवे'ची एक ओळ जादा लागते.

प्रश्न : सकाळी लॅपटॉप उघडला की लॉगिन फसतं, 'टोकन अजून लागू झालेलं नाही'. विंडोज आहे, सगळं डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) चालतं. रीस्टार्ट केलं की ठीक. उलट मुदत संपलेलं टोकन मात्र आमची डॉटनेट एपीआय काही मिनिटं घेत राहते.
— एक वाचक, श्टुटगार्ट

उत्तर : दोन्ही घड्याळाचेच प्रश्न, पण वेगवेगळे. लॅपटॉप झोपला की डब्ल्यूएसएलच्या आतलं घड्याळ मागे पडण्याचा प्रकार जुना आहे. आयडीपी आणि ॲप यांच्यापैकी एक आत आणि एक बाहेर असेल तर दोघांच्या वेळा जुळत नाहीत, आणि पुढे असलेल्याने दिलेलं टोकन मागे असलेल्याला भविष्यातलं वाटतं. 'डब्ल्यूएसएल शटडाउन' करून पुन्हा उघडा किंवा आतलं घड्याळ हार्डवेअरच्या घड्याळावरून लावा. ॲपमधली घड्याळाच्या फरकाची सवलत वाढवत नेऊ नका, एखाद्या मिनिटाचा फरक सोसला की पुरे.

दुसऱ्याचं कारण तीच सवलत. डॉटनेटची टोकन तपासणारी लायब्ररी मुळातच ५ मिनिटांचा फरक सोसते, आणि कीक्लोकच्या ॲक्सेस टोकनचं (एपीआयला दाखवायचं टोकन) मूळ आयुष्यही ५ मिनिटांचंच असतं. म्हणजे तुमचं टोकन प्रत्यक्षात दुप्पट जगतं. 'क्लॉकस्क्यू' या सवलतीची किंमत स्वतः लिहून ठेवा, लोकलवर आणि क्लाउडवर तीच, आणि मुदतीची चाचणी त्या किमतीनुसार लिहा.